पहिल्या गिटारसाठी तारा निवडताना: आधी जाडी, मग धातू, शेवटी कंपनी

अकूस्टिक गिटार शिकायला घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतात. डाव्या हाताच्या बोटांची टोके हुळहुळी होतात आणि केव्हातरी एखादी तार तुटते. नवी तार आणायला दुकानात गेल्यावर मग लक्षात येते की ‘गिटारची तार’ नावाची एकच एक वस्तू नसते. पाकिटांवर १०-४७, ११-५२, १२-५३ असे आकडे असतात. ‘फॉस्फर ब्रॉन्झ’, ‘८०/२०’, ‘कोटेड’ असे शब्द असतात. काहींवर नायलॉन लिहिलेले असते आणि किमतींत मोठी तफावत असते. अशा वेळी कोणी सर्वांत स्वस्त पाकीट उचलतो, तर कोणी मित्राने सांगितलेल्या प्रसिद्ध कंपनीचे नाव घेतो. माझे स्पष्ट मत असे आहे की नवशिक्याने या दोन्ही गोष्टी क्षणभर बाजूला ठेवून आधी तारेची जाडी ठरवावी. पुढचे सहा महिने बोटांना किती त्रास होणार, कॉर्ड (एकदम वाजवलेल्या सुरांचा मेळ) स्वच्छ वाजणार की नाही आणि गिटार रोज हातात घ्यावीशी वाटणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या जाडीवर अवलंबून असते.

मात्र जाडीकडे वळण्यापूर्वी आपल्या हातातील गिटार कोणत्या प्रकारची आहे हे तपासणे आवश्यक आहे, कारण इथे झालेली चूक तारेपुरती मर्यादित राहत नाही, तिच्यामुळे गिटारच खराब होऊ शकते. स्टीलच्या तारांची गिटार आणि नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार लांबून सारख्याच दिसतात. स्टीलच्या गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे पेटीवरच्या तारा अडकवायच्या लाकडी पट्टीवर, बहुधा सहा लहान पिना रोवलेल्या असतात आणि तारेच्या टोकाचा धातूचा मणी त्या पिनांखाली अडकवलेला असतो. क्लासिकल गिटारच्या ब्रिजमध्ये आडवी भोके असतात आणि तार त्यांतून ओवून तिची स्वतःभोवतीच गाठ मारलेली असते. क्लासिकल गिटारची मानही रुंद असते. नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिथे, ती साधारण ५२ मिलिमीटर भरते, तर स्टीलच्या गिटारची ४३ मिलिमीटरच्या आसपास. काही स्टीलच्या गिटारींना पिना नसतात, तारा मागच्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात. अशा वेळी जुन्या तारांकडेच पाहावे. पहिल्या तीन तारा पारदर्शक, प्लॅस्टिकसारख्या दिसत असतील तर ती नायलॉनची गिटार होय.

हा फरक केवळ आवाजाचा नाही. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो, तर स्टीलच्या तारांचा, जाडीनुसार, सुमारे ६० ते ८५ किलो. स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकात अंतोनिओ दे तोरेस याने रूढ केलेल्या क्लासिकल गिटारच्या पोटात, वरच्या फळीखाली, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या असतात. फळी हलकी राहावी आणि कमी ताणातही मोकळेपणाने कंप पावावी, हा त्यांचा हेतू असतो. स्टीलच्या गिटारच्या फळीखाली एकमेकींना छेदणाऱ्या भक्कम पट्ट्या असतात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकापासून वापरात आणलेली ही रचना आज सर्वत्र दिसते. शिवाय स्टीलच्या बहुतेक गिटारींच्या मानेत ताणाला तोंड देणारी लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, बसवलेली असते, जी क्लासिकल गिटारमध्ये सहसा नसते. म्हणून क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या तर काही काळात ब्रिज मागून उचलला जातो, फळीला फुगवटा येतो आणि मान वाकते. उलट प्रकार, म्हणजे स्टीलच्या गिटारवर नायलॉन, तुलनेने निरुपद्रवी आहे, पण आवाज मुका आणि क्षीण येतो. बोटे दुखतात म्हणून आपल्या स्टीलच्या गिटारला नायलॉन लावणे हा उपाय नव्हे. त्यासाठी बारीक स्टीलच्या तारा आहेत.

आता मुख्य मुद्दा. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिच्या ठरावीक लांबीचे वजन. फ्रान्समधील धर्मगुरू आणि गणितज्ञ मारँ मेर्सेन याने १६३६ साली हे नियम सविस्तर मांडले. गिटारमध्ये लांबी ठरलेलीच असते. नटपासून सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या बारीक पट्टीपर्यंत, ती बहुतेक मोठ्या गिटारींत ६५० मिलिमीटरच्या आसपास असते. सूरही ठरलेले असतात: सर्वांत जाड सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनांवर, आणि सर्वांत बारीक पहिली तार सुमारे ३३० कंपनांवर मिळवायची असते. लांबी आणि सूर दोन्ही पक्के असल्यामुळे तार जाड घेतली की तिला त्याच सुरापर्यंत नेण्यासाठी ताण वाढवावाच लागतो. आपल्याकडे मिरजेचा तंबोरा लावताना पुरुषाच्या पट्टीसाठी आणि स्त्रीच्या पट्टीसाठी वेगवेगळ्या जाडीच्या तारा चढवतात, त्यामागेही हाच नियम आहे.

या नियमाचा एक परिणाम आकड्यांवरून चटकन लक्षात येत नाही. तारेचे वजन तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १० ऐवजी १२ जाडीची (इंचाच्या हजाराव्या भागांत) पहिली तार घेतली तर आकड्यांतली वाढ फक्त २० टक्के दिसते, पण ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. किलोच्या भाषेत सांगायचे तर १० जाडीची पहिली तार सुरात असताना साधारण सव्वासात किलोने ताणलेली असते आणि १२ जाडीची तार साडेदहा किलोने. कोवळ्या बोटाला फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत, तार दाबून धरताना हा फरक प्रत्येक वेळी सोसावा लागतो, आणि एकाच बोटाने सहाही तारा दाबाव्या लागणाऱ्या एफ कॉर्डमध्ये तर तो सहा पटींनी जाणवतो. अनेक जण एफ कॉर्डपाशी येऊन गिटार सोडून देतात. त्यांतल्या कित्येकांच्या गिटारवर कारखान्यातून आलेल्या १२ च्या तारा असतात आणि दोष मात्र ते स्वतःच्या बोटांना देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाकिटावरचे आकडे वाचणे सोपे आहे. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील १० भागांइतकी जाडी, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर, असा ‘१०’ चा अर्थ होतो. १०-४७ म्हणजे पहिली तार १० आणि सहावी ४७. मधल्या चार तारा त्या प्रमाणात वाढत जातात. दुकानात संपूर्ण सेटला पहिल्या तारेच्या नावाने ओळखतात, म्हणून ‘टेनचा सेट’ किंवा ‘ट्वेल्व्हचा सेट’ असे म्हटले तरी पुरते. आमच्या सोलापुरात ज्यांच्या घरी यंत्रमागाचा व्यवसाय आहे त्यांनी इथे थोडे सावध राहावे: सुताच्या काऊंटमध्ये आकडा वाढला की सूत बारीक होते, २० काऊंटपेक्षा ४० काऊंटचे सूत तलम असते, पण गिटारच्या तारेत याच्या नेमके उलट, आकडा वाढला की तार जाड.

आकड्यांसोबत ‘एक्स्ट्रा लाइट’, ‘लाइट’, ‘मीडियम’ असे शब्दही छापलेले असतात आणि खरी फसगत तिथे होते, कारण या शब्दांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. डॅडारिओ कंपनीचा ‘लाइट’ सेट १२-५३ आहे, मार्टिनचा ‘लाइट’ १२-५४ आहे, तर अर्नी बॉलच्या अर्थवुड मालिकेतील ‘लाइट’ म्हणजे ११-५२. केवळ ‘लाइट द्या’ असे सांगितले तर हातात यांपैकी काहीही पडू शकते. लेबलावरचा शब्द वाचू नये, आकडा वाचावा. आणखी एक तपासणी आवश्यक आहे. इलेक्ट्रिक गिटारचे सेटही १०-४६ अशा मिळत्याजुळत्या आकड्यांचे असतात आणि शेजारीच ठेवलेले असतात. त्यांची तिसरी तार साधी, गुळगुळीत असते. अकूस्टिक सेटमध्ये ती बहुधा गुंडाळीची, म्हणजे वरून दुसऱ्या धातूची तार गुंडाळलेली, असते. इलेक्ट्रिकच्या तारा अकूस्टिकवर बसतात, पण निकेलची गुंडाळी लाकडी पेटीतून पुरेसा भरदार आवाज काढत नाही. पाकिटावर ‘अकूस्टिक’ हा शब्द आणि ब्रॉन्झचा उल्लेख दिसला म्हणजे शंका उरत नाही.

मग नवशिक्याने कोणता आकडा घ्यावा? शाळकरी मूल असेल, बोटे लहान किंवा नाजूक असतील, तर १०-४७ हा सेट घ्यावा. मोठ्या माणसाने ११-५२ पासून सुरुवात करावी. १०-४७ चा एकूण ताण साधारण ६० किलो असतो आणि १२-५३ चा ७५ किलोच्या आसपास; ११-५२ या दोहोंच्या मध्ये पडतो आणि त्यात आवाजाचा भरदारपणाही बऱ्यापैकी टिकतो. बारीक तारांची किंमत आवाजात मोजावी लागते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा ताण कमी असल्याने त्या अधिक रुंद हेलकावतात, जोरात स्ट्रमिंग केले, म्हणजे सगळ्या तारा एका झटक्यात छेडल्या, तर फ्रेटवर खरखरतात आणि पेटी कमी हलल्यामुळे आवाजही थोडा पातळ येतो. पण पहिल्या वर्षात आवाजाचा पोत हा प्रश्न गौण असतो; स्वच्छ कॉर्ड आणि रोजचा सराव हे प्रश्न मोठे असतात. एफ आणि बी मायनरसारखे बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबायचे कॉर्ड, न अडखळता वाजू लागले, की १२-५३ चा सेट चढवून पाहावा. त्या वेळी ऐकू येणारा फरक खरोखर आनंद देतो, कारण तोवर बोटे तो पेलायला तयार झालेली असतात. १३-५६ चा मीडियम सेट नवशिक्याने घेऊ नये, आणि ट्रस रॉड नसलेल्या स्वस्त गिटारवर तर मुळीच चढवू नये.

नवे पैसे खर्च न करता ताण कमी करण्याचा एक मार्गही आहे आणि तो मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सुचवतो. सहाही तारा अर्ध्या सुराने खाली लावाव्यात. सूर अर्ध्या पायरीने उतरला की ताण साधारण ११ टक्क्यांनी घटतो. म्हणजे ११ चा सेट असा लावला की तो दाबायला जवळपास १० च्या सेटइतका हलका होतो. शिक्षकाबरोबर किंवा ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवायचे असेल तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा, म्हणजे सूर पुन्हा मूळ जागी येतो. कॅपोमुळे तारा नटपाशी आपोआप खाली येतात, त्यामुळे उंच नटच्या गिटारवर हा उपाय दुप्पट उपयोगी पडतो.

बोटे दुखू लागली की सगळे खापर तारांवर फुटते, परंतु अनेकदा खरा दोष ‘ॲक्शन’चा, म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच आहे याचा असतो. तारा बदलण्यापूर्वी तो तपासलाच पाहिजे. गिटार सुरात लावावी, बाराव्या फ्रेटपाशी स्टीलची पट्टी उभी धरावी आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर गिटार सोयीची आहे. साडेतीन-चार मिलिमीटर भरत असेल तर १० चा सेट लावूनही बोटांना सुख मिळणार नाही. नटची उंची पाहण्यासाठी तार तिसऱ्या फ्रेटपाशी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये, दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांमधली फट पाहावी. ती जेमतेम दिसेल इतकीच असावी. मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरचे सगळे कॉर्ड, म्हणजे नवशिक्या शिकतो ते जवळजवळ सगळेच, विनाकारण जड जातात. ब्रिजवरचे सॅडल खालून घासून उतरवता येते. सॅडल एक मिलिमीटरने उतरवले की बाराव्या फ्रेटवरची उंची अर्ध्या मिलिमीटरने कमी होते. हे काम गिटारची ओळख असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण घासलेले पुन्हा भरून येत नाही. मात्र त्यावर होणारा खर्च महागड्या तारांवरच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक फळ देतो.

तारेची जाडी बदलली की मानेवरचा ओढाही बदलतो, हे इथेच सांगितले पाहिजे. १२ वरून १० वर आल्यावर मान थोडी मागे सरळ होते, तारा फ्रेटांच्या जवळ येतात आणि कधीकधी पहिल्या काही फ्रेटांवर खरखर सुरू होते. अशा वेळी तारा सदोष आहेत असे समजू नये. ट्रस रॉड किंचित सैल केला की बहुधा ही खरखर जाते. तेही पहिल्यांदा जाणकाराच्या हातून, पाव फेऱ्याहून कमी फिरवून.

धातूविषयी आता थोडक्यात. पहिल्या दोन तारा कुठल्याही सेटमध्ये साध्या पोलादाच्याच असतात. फॉस्फर ब्रॉन्झ आणि ८०/२० हा भेद उरलेल्या चार गुंडाळीच्या तारांपुरता आहे. गुंडाळी असण्याचे कारण असे की सहाव्या तारेला खालचा सूर देण्यासाठी वजन हवे असते, आणि ते वजन एकाच जाड पोलादी तारेतून आणले तर ती ताठर होऊन बेसूर वाजते. म्हणून आत बारीक पोलादी गाभा ठेवून त्यावर दुसऱ्या धातूची तार घट्ट गुंडाळतात. वजन वाढते पण लवचीकपणा टिकतो. ८०/२० मध्ये ही गुंडाळी ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त यांची असते. तिचा आवाज सुरुवातीला लखलखीत असतो आणि लवकर मंदावतो. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांब्याबरोबर साधारण ८ टक्के कथील आणि अल्पसा फॉस्फरस असतो. डॅडारिओने १९७४ मध्ये या तारा बाजारात आणल्या आणि आज त्या सर्वाधिक प्रचलित आहेत. त्यांचा आवाज किंचित उबदार असतो आणि अधिक दिवस टिकतो. नवशिक्याच्या कानाला दोहोंतील भेद पहिल्या आठवड्यानंतर फारसा जाणवत नाही, म्हणून जो सेट योग्य जाडीत मिळेल तो घ्यावा. दोन्ही मिळत असतील तर फॉस्फर ब्रॉन्झ. ‘सिल्क अँड स्टील’ नावाचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात गाभ्याभोवती रेशीम किंवा तत्सम धाग्याचा थर असतो. तो अतिशय मऊ लागतो, आवाजही हळुवार येतो आणि बोटांनी छेडून वाजवणाऱ्याला शोभतो. प्रौढ वयात, दुखऱ्या सांध्यांनिशी गिटार शिकायला घेतलेल्यांना मी तो आवर्जून सुचवेन.

कोटेड तारांचा विचार सोलापूरच्या हवेच्या संदर्भात करणे योग्य ठरेल. या तारांवर अतिशय पातळ पॉलिमरचा थर असतो, जो घाम, तेल आणि धूळ गुंडाळीच्या फटींत शिरू देत नाही. साध्या तारेच्या तुलनेत त्या दुप्पट किंवा त्याहूनही महाग असतात आणि बऱ्याच अधिक टिकतात. इथला एप्रिल-मे चाळीस अंशांच्या वर जातो, हात घामेजलेले असतात, आणि शेंगाची चटणी नि कडक भाकरी खाऊन तसाच हात तारांना लागला तर तेल आणि मीठ दोन्ही गुंडाळीत जाऊन बसतात. ज्यांच्या हाताला फार घाम येतो आणि ज्यांच्या तारा महिन्याभरात काळ्या पडतात, त्यांना कोटेड तार परवडते. इतरांनी पहिल्या वर्षी साध्या तारा वापराव्यात, कारण या काळात तारा बोथट होऊन जाण्याऐवजी चुकीच्या ट्युनिंगमुळे तुटूनच अधिक जातात, आणि तुटलेली महाग तार जास्त चटका लावते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून वाजवायला बसणे आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती कापडाने वरून व खालून पुसणे, एवढ्यानेही तारांचे आयुष्य पुष्कळ वाढते. त्यासाठी सोलापुरी टॉवेलचा एक जुना तुकडा गिटारच्या पिशवीत कायम ठेवावा.

उन्हाळ्यातील कोरडी हवा लाकडातला ओलावाही शोषून घेते. भरीव लाकडाच्या फळीची गिटार असेल तर फळी खाली बसते, तारा फ्रेटांवर घासू लागतात. पावसाळ्यात तीच फळी फुगून ॲक्शन वाढते आणि तेच कॉर्ड पुन्हा जड वाटू लागतात. सुरुवातीच्या बहुतेक गिटारी प्लायच्या असतात, त्यांच्यावर हा परिणाम कमी होतो, पण उष्णता त्यांनाही सोडत नाही. पत्र्याच्या घरात भिंतीला टांगलेली, किंवा दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेली गिटार ब्रिजचा डिंक सैल करून घेते. कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवणेही तितकेच वाईट, कारण त्या ओल्या हवेने पोलादी तारांवर दोन-चार दिवसांत गंज चढतो. दुपारच्या उन्हातून क्लासला पोहोचल्यावर गिटार उतरलेली दिसली तर लगेच खुंट्या पिळू नयेत. तापलेली तार सैल पडते आणि सावलीत वीस मिनिटांनी बऱ्यापैकी जागेवर येते.

खरेदी करताना पाकीट बंद आहे ना हे पाहावे, कारण दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या तारा न वापरताच निस्तेज झालेल्या असतात. प्रसिद्ध कंपन्यांची बनावट पाकिटेही मिळतात. छपाई पुसट असेल, शब्दलेखन चुकलेले असेल किंवा किंमत अविश्वसनीयपणे कमी असेल तर घेऊ नये. डॅडारिओच्या सेटमध्ये तारांच्या टोकांच्या मण्यांना रंग दिलेले असतात: सहावी पितळी, पाचवी लाल, चौथी काळी, तिसरी हिरवी, दुसरी जांभळी आणि पहिली रुपेरी. इतर अनेक कंपन्या प्रत्येक तार क्रमांक घातलेल्या कागदी पाकिटात देतात. नवशिक्याला ही लहानशी सोय फार उपयोगी पडते, कारण दुसरी आणि पहिली तार उलटसुलट बसवण्याचा गोंधळ त्यामुळे टळतो. सेट घेतानाच त्याच जाडीची एक सुटी पहिली तार अवश्य घ्यावी. ती कमी किमतीत मिळते आणि पहिली तार इतरांपेक्षा खूप अधिक वेळा तुटते.

तार तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ट्युनरवर, म्हणजे वाजलेल्या सुराचे नाव दाखवणाऱ्या साधनावर, अक्षर बरोबर दिसले तरी सूर एका सप्तकाने वर चाललेला असणे, किंवा एका तारेचा सूर ऐकत दुसऱ्याच तारेची खुंटी फिरवत राहणे. नवी तार चढवताना ती मोबाइलमधील ट्युनरच्या भरवशावर न ठेवता शेजारच्या तारेशी ताडून पाहावी: दुसरी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पहिल्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. एका वेळी एकच तार काढून नवी बसवावी, म्हणजे ताडून पाहायला बाकीच्या पाच तारा सुरात असतात. ब्रिज पिन बसवताना तार हलकेच वर ओढून मणी लाकडाला नीट टेकला आहे याची खात्री करावी, नाहीतर ताण येताच पिन उडते. खुंटीवर गुंडाळीच्या तारेचे दोन-तीन आणि साध्या तारेचे चार-पाच वेढे, वरून खाली एकमेकांखाली, पडतील इतकीच तार सैल सोडावी. सूर लावताना चेहरा तारांच्या रेषेत आणू नये आणि उरलेली टोके पकडीने कापून टाकावीत, ती डोळ्याला आणि बोटाला दोन्हीला लागतात.

नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस सतत उतरत राहतात. प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच चार-पाच वेळा ओढावी आणि पुन्हा सुरात लावावी, म्हणजे ती लवकर स्थिरावते. रोज अर्धा-पाऊण तास वाजवणाऱ्याने साधा सेट तीन-चार महिन्यांनी बदलावा. त्याआधीही गुंडाळी काळवंडली, तारेखालून बोट फिरवल्यावर फ्रेटांच्या जागी खाचा लागल्या, किंवा मोकळी तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटवर दाबल्यावर तिचे सप्तक चढे-उतरे येऊ लागले, तर सहाही तारा एकदम बदलाव्यात. एकच जुनी तार तुटली असेल आणि बाकीच्या महिन्याभराच्याच असतील तर सुटी तार लावून काम भागते. बाकीच्या जुनाट असतील तर नवी तार त्यांच्यात वेगळीच लखलखत राहते. जुन्या पाकिटावरचा आकडा आणि तारा चढवल्याची तारीख लिहून ते पाकीट गिटारच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात कोणता सेट मागायचा आणि त्याहून एक पायरी जाड घ्यायची वेळ आली आहे का, हे ठरवताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.